इंग्रजीत सांगितलेली गौर

नागपूर,
४ ऑगस्ट २०२५

गं. भा. मालविका हीस,
देवयानीचे आशीर्वाद. द्यायची इच्छा नव्हती, पण पत्राची रीत मोडायची सवय मला नाही.

तू फोनवर माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हे पत्र. काल आमच्या शेजारच्या लतिकाने मोठ्या कौतुकाने मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, ही तुमची बनारसची भावजय ना? बघते तर काय, तू! इंग्रजीच्या क्लासात उभी राहून, ‘माझं घर आणि आमच्या चालीरीती’ या विषयावर बोलते आहेस. घरात धड मराठी बोलत नाहीस, दर वाक्यात हिंदी, आणि निघाली इंग्रजी शिकायला!

शिक बापडी. पण तिथे सांगितलंस काय? आमच्या घरी दरवर्षी गौर येते, सोळा भाज्या मी करते, पुरण मी वाटते, आणि देवी दारात आली की मी आणि माझी सासू वरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतो, कारण आमचे नवरे मेले आहेत. असं? ‘मेले’? माझे बाबा आणि माझा विश्वेश, दोघांना एका शब्दात उरकलंस! तिथे कोणी गोरा बाबा बसला असेल तर त्याला वाटलं असेल, ब्रह्माघाटावर बायकांना कोंडून घालतात.

तुला कोणी कोंडलं ग? ती जुनी चाल आहे, तुला आधीपासून माहीत होती. तो व्हिडिओ आठवडाभरात काढ आणि आईची माफी माग. नाहीतर गौरींचे मुखवटे मी नागपूरला घेऊन येईन. ज्या घरात एकही सवाष्ण उरली नाही, तिथे गौरी ठेवून करायचं काय?

आईला माझा नमस्कार सांग. तुझ्यावर लोभ होता, सध्या नाही.

देवयानी

*

वाराणसी,
९ ऑगस्ट २०२५

ती. सौ. देवयानीवन्सं यांना,
मालविकाचा नमस्कार. आशीर्वाद पोचले, त्यातली नाखुशीही पोचली.

पाकिटावर तुम्ही ठळक अक्षरांत ‘गं. भा.’ लिहिलंत. डाकियाने गलीत उभं राहून मोठ्याने वाचलं, त्यामुळे आता सगळ्या मुहल्ल्याला पुन्हा एकदा कळलं. विश्वेशना जाऊन तीन वर्षं झाली, कोणी विसरलं असेल तर आठवण झाली असेल.

इंग्रजी का शिकते, ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. इथल्या एका शाळेत बालवर्गाला बाई हव्या आहेत, इंग्रजी बोलता आलं तर मला घेतील. आधी मीसुद्धा गाइडमधलाच निबंध पाठ केला होता. भारत सणांचा देश आहे, अनेकतेत एकता आहे, पाहुणा देवासारखा असतो. क्लासातल्या सगळ्यांनी तोच पाठ केला होता. निवेदिता मॅडम वैतागल्या आणि म्हणाल्या, पुस्तक मिटा आणि तुमच्या घरात काय होतं ते सांगा.

मग मी सांगितलं. वन्सं, मराठीत मला ही गोष्ट कधीच अशी सांगता आली नसती. मराठीत ‘आपल्यात असतं तसं’ म्हणता येतं, ‘मान’ म्हणता येतो, ‘बाजूला बसतो’ म्हणता येतं. मला इंग्रजी येतं तेवढं, चिमूटभर. खाणं, करणं, जाणं, दार लावणं, मरणं. पांघरूण घालायला शब्दच नव्हते. बोलून खाली बसले तेव्हा माझं मलाच समजलं की आमच्या घरात काय होतं.

व्हिडिओ निघणार नाही. आईंची माफी मागण्यासारखं मी काही बोललेले नाही. आणि मुखवटे आईंच्या संदुकीत आहेत, किल्ली त्यांच्या कमरेला. हिंमत असेल तर त्यांच्याकडे मागा.

नरहरभाऊजींना नमस्कार. लोभाबद्दल आग्रह नाही.

मालविका

*

नागपूर,
१४ ऑगस्ट २०२५

मालविकास,
या खेपेला आशीर्वादही नाहीत.

काय पण तोंड सुटलंय तुझं! तुला शब्द नव्हते म्हणतेस. मग एक गोष्ट विचारते, तिचं उत्तर दे. व्हिडिओत पुढे तू म्हणालीस की नागपूरहून एक पाहुणी येते आणि ती गौर घरात आणते. पाहुणी? मी? ज्या घरात जन्मले, ज्या जिन्यावरून पडून माझा दात तुटला, त्या घरात मी पाहुणी?

लतिकाने ते वाक्य दोनदा लावून दाखवलं. ती हसत होती. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

विश्वेश गेल्यापासून दरवर्षी मी गाडीत धक्के खात येते. का येते? सासरी महालक्ष्म्या थोरल्या जाऊबाईंच्या हातात, तिथे माझं काम वाढायचं आणि उष्टी काढायची. माहेरी मात्र मी गौर हातात घेते, कुंकवाच्या पावलांवरून चालते, आणि त्या दिवसापुरतं ते घर माझं असतं. तेवढं एक मला उरलंय. तेही तुला बघवलं नाही.

तीस तारखेला पोचते. मुखवटे घेऊन परत फिरणार आहे. आईला मी समजावीन, तू मध्ये पडू नकोस.

देवयानी

*

वाराणसी,
१९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. देवयानीस,
अनेक आशीर्वाद. विशेष, हात थरथरतो, अक्षर लावून घे. गंगा खूप चढली आहे, खालच्या गलीपर्यंत पाणी आलंय. आपल्या घराला भीती नाही.

तुझी दोन्ही पत्रं मालविकाने मला वाचायला दिली. तिने काय लिहिलं तेही सांगितलं. तुम्ही दोघी नळावरच्या बायकांसारख्या भांडता आहात आणि बोलताय मात्र देवाबद्दल. तू तिला गं. भा. लिहिलंस. मीही तीच आहे, बाळ. मला लिहिताना तू नुसतं ‘ती. आई’ लिहितेस. असं का, त्याचा विचार कर.

पाहुणीबद्दल मी तिला झापलं. मला वाटलं, नणंदेसाठी इंग्रजी शब्द तिला येत नसेल. तर म्हणाली, येत होता, मुद्दाम म्हटला नाही, तीन वर्षांत वन्संनी एकदा जिना चढून वर येऊन आम्हाला विचारलं नाही की तुम्ही जेवलात का. मलाही तू विचारलं नव्हतंस.

मग तिला म्हटलं, तू तिथे काय बोललीस ते मला मराठीत सांग. ती सांगायला लागली, तर त्यात रीत आली, मान आला, वडीलधारी आली. मी म्हटलं, हे नको, तिथे जसं बोललीस तसं सांग. मग तिने सांगितलं. चार-सहा वाक्यं होती. तुझे बाबा गेल्यापासून अकरा वर्षं मी त्या खोलीत बसून खालचा थाळी-चमच्याचा आवाज ऐकते आहे. पहिल्या वर्षी मी खूप रडले होते. पुढे सवय झाली आणि मालविका वर आली तेव्हा मीच तिला खाट दाखवली, ही तुझी म्हणून.

तर ऐक. मुखवटे कुठेही जाणार नाहीत. यंदा गौर मी आणणार आहे. कोणी गलीत काही म्हणालं तर म्हणू दे, या वयात मला कोण वाळीत टाकतंय! तू ये. मुखवटे न्यायला नको, माहेरपणाला ये. गौरही माहेरपणालाच येते, तिला काम सांगत नाहीत.

प्रकृतीस जप. माया आहेच, ती लिहून वाढत नाही.

तुझी आई

*

नागपूर,
६ सप्टेंबर २०२५

ती. गं. भा. आईस,
साष्टांग नमस्कार. मुद्दाम लिहिलं आहे. लिहिताना हात अडखळला, ते तुला समजावं.

मी पूजेच्या दिवशी न जेवता सकाळीच निघून आले, याचा तुला राग आला असेल. मालविकाने बांधून दिलेली पुरणपोळी मी गाडीत शेजारच्या बाईंना देऊन टाकली. एवढी चिडले होते.

तू फिक्या लुगड्यात दारातून मुखवटा घेऊन आत आलीस. मालविका थाळी वाजवत होती. मी जिन्याखाली उभी, रिकाम्या हातांनी. कोठीपाशी तू विचारलंस, इथे काय आहे, आणि ती म्हणाली, धान्य आहे, उदंड आहे. चुलीपाशी विचारलंस, देवघरात विचारलंस, तिने सगळीकडे रीतसर उत्तर दिलं. मला वाटलं आता संपलं. तर तू गौर घेऊन जिना चढायला लागलीस. तुला चढवत नव्हतं म्हणून मला मागून आधार द्यावा लागला, नाहीतर मी आले नसते.

त्या खोलीत तू विचारलंस, इथे काय आहे. मालविका काही बोलली नाही. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं होतं. भिंतीशी दोन खाटा. आणि खिडकीकडे आणखी एक खाट मावेल एवढी जागा.

आई, ती जागा बघितली आणि मनातल्या मनात मी तिथे माझी खाट मांडली. तुला सांगितलं नव्हतं, पण ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून मी रात्रंदिवस हेच बघते की श्वास चालू आहे ना. लोकांना वाटतं केवढा जीव आहे हिचा नवऱ्यावर. जीव आहेच. पण भीतीही आहे, माझं काय होईल याची. ही भीती मला कोणत्याच भाषेत कुणाला सांगता आली नाही. म्हणून मी तुमच्यावर ओरडले.

खरं सांग. मी नसते भांडले, तिने ते इंग्रजी झाडलं नसतं, आणि माझ्यावर तशी वेळ आली असती, तर माहेरी तू मला कुठे बसवलं असतंस?

उत्तर लिहिलंस तर बरं वाटेल.

देवयानी

*

वाराणसी,
१२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. देवयानीवन्सं यांना,
मालविकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आईंनी तुमचं पत्र वाचलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, घर आता तुझ्या हातात, उत्तर तूच दे. रात्री त्या नीट जेवल्या नाहीत, एवढं तुम्हाला कळवते.

तुम्ही खरं विचारलंत, मी खरं सांगते. त्याच खोलीत बसवलं असतं. आईंनी खाट घातली असती आणि दार मी लावलं असतं, अगदी खुशीने. अजूनही माझ्या पोटात तुमच्याविषयी एवढा राग आहे. पुरणपोळीचं वाचून तर आणखी आला. सकाळी उठून पुरण शिजवलं होतं मी.

पण तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचायला बसले आणि मला तुमचा चेहरा दिसेना, माझाच दिसायला लागला. विश्वेश आयसीयूत होते तेव्हा मीही हेच मोजत होते. मीही कुणाला बोलले नाही.

काल सुतार बोलावून त्या खोलीचं दार काढून टाकलं. चौकटीला आता बिजागऱ्याही नाहीत. आई उभ्या राहून बघत होत्या, सुताराला चहा त्यांनीच केला. भाऊजींची प्रकृती जपा, त्यांना शंभर वर्षं आयुष्य मिळो. पण तुमच्या कपाळावर कुंकू असो की नसो, पुढच्या भाद्रपदात गौर तुम्ही आणायची आहे. सोळा भाज्यांतल्या निम्म्या तुम्ही चिरायच्या, हेही आताच सांगून ठेवते.

लोभ आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल. असावा, एवढीच विनंती.

मालविका