घर शाळेला द्यावे लागले नाही

लिहून ठेवते मी, अंबुजाबाई, कै. कृष्णमूर्ति राव यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार साक्कोट्टै, तालुका कुंभकोणम. माझे डोके ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाहीत ते गुडघे. खात्री करून घ्यायला डॉक्टर गुरुमूर्तींनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि तिसरीत त्यांना गणितात किती गुण होते तेही सांगितले. त्यांनी लगेच दाखला लिहून दिला. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. सोबत वकिलांनी केलेली तमिळ प्रत जोडली आहे.

१. दिनांक १२ जून २०१७ रोजी केलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. इतक्या आनंदाने मी जन्मात काही रद्द केलेले नाही. त्यात मी माझे राहते घर माझ्या पश्चात गावच्या सरकारी, म्हणजे पंचायत युनियनच्या, प्राथमिक शाळेला देऊन टाकले होते. शाळा भाड्याच्या जागेत भरत असे. जागेचा मालक म्हातारा, भला माणूस, तो म्हणे, "मी आहे तोवर बसा, माझे मुलगे ठेवणार नाहीत." इमारतीसाठी अर्ज करावा तर वरून उत्तर ठरलेले, यंदा निधी नाही. जागा गेली की शाळा पलीकडच्या गावच्या शाळेला जोडणार, म्हणजे सहा वर्षांच्या पोरांनी हमरस्ता ओलांडून अर्धा कोस चालायचे. मुलगे चालतील, मुलींना घरी बसवतील. हे सांगायला ज्योतिषी नको, मी छत्तीस वर्षे हजेरी घेतली आहे. शाळेला चार खोल्या हव्या होत्या आणि माझ्या घराला चारच खोल्या आहेत.

२. पण त्या चार खोल्यांत माझी सून सौम्या आणि नात हरिणी राहतात. सौम्या माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. आमच्यात आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत आहे, त्याप्रमाणे ती माझ्या मुलाला, हेमंताला दिली. हेमंत २०१५ साली गेला, तेव्हा हरिणी चार वर्षांची होती. मी परस्पर ठरवून टाकले की माझ्यामागे सौम्या चेन्नईला भावाकडे जाईल. तिला विचारले नाही; मुख्याध्यापिकेला विचारायची सवय नसते. सरकारने द्यायचे ते मी वर्षानुवर्षे पदरचे घालत आले होते, खडू, चटया, पावसाळ्यात छपराचे पत्रे. त्याच सवयीने सून आणि नातीच्या डोक्यावरचे छप्परही त्यात घालून मोकळी झाले. गावात मला दानशूर म्हणाले असते.

३. ते मृत्युपत्र मी मराठीत लिहिले आणि कपाटात ठेवले, कुलूप न लावता. आम्ही पिढ्यान्पिढ्या तंजावरकडे राहिलेले मराठी; घरात मराठी बोलतात सगळे. वाचणारी मी एकटी, वडिलांनी शिकवले म्हणून. बाकीच्यांची शाळा तमिळमध्ये झाली. चोर आला तरी त्याला आणि घरच्यांनाही काही कळणार नाही, अशी माझी घमेंड होती. ती गेल्या महिन्यात उतरली. जुना कागद फाडायचा म्हणून मी सौम्याला म्हटले, "कपाटातला तपकिरी लखोटा आण."

ती म्हणाली, "शाळेला घर दिलेला कागद, तोच का?"

"तुज कोणी सांगितलं?"

"सांगायला कोण पाहिजे? लहानपणी तुम्हीच मला संध्याकाळच्या हिंदीच्या वर्गाला धाडलं होतं की. अक्षरं तीच. आठ वर्षं झाली वाचून."

आठ वर्षे ती मला सकाळी कॉफी देत होती, गुडघ्याला तेल लावत होती, आणि हे घर आपले नाही हे तिला ठाऊक होते.

४. तंजावरला कलेक्टर कचेरीत दर सोमवारी लोकांची गाऱ्हाणी घेतात. शाळेच्या इमारतीचा अर्ज घेऊन मी तिथे २०१९ पर्यंत गेले. गुडघे बसल्यावर सौम्या जाऊ लागली. ती तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटीत साड्या दाखवते. सोमवारची अर्धी रजा टाकायची, बस पकडायची, रांगेत उभे राहायचे, अर्ज देऊन शिक्का घेऊन यायचे. सासूचा हट्ट पुरवते आहे, असे मला वाटे. लखोट्याच्या दिवशी मी विचारले, "तुज राग नाही आला?"

"आला की. पहिलं वर्ष तुमच्याशी धड बोलले नाही. तुमच्या ध्यानातही आलं नाही."

"मग भांडली का नाहीस?"

"काय म्हणून भांडू? घर देऊ नका म्हणावं तर ती पोरं उघड्यावर. द्या म्हणावं तर माझी पोर उघड्यावर. दोघांनाही पुरेल असं एकच दार दिसलं, म्हणून दर सोमवारी तेच ठोठावत राहिले. सरकारानं बांधायचं ते सरकारानं बांधावं, आत्या. त्याला आमचं घर काहला?"

जे मला छत्तीस वर्षांच्या नोकरीत सुचले नाही, ते तिने कचेरीच्या रांगेत उभे राहून ओळखले. दोन वर्षांपूर्वी निधी मंजूर झाला. या जूनला शाळा नव्या इमारतीत गेली. चार वर्ग, मुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पक्के छत. शाळेची स्वयंपाकीण कामाक्षी हिने मला हाताला धरून नेले आणि नळ सोडून दाखवला. पाणी आले. माझा जीव भांड्यात पडला, आणि चारचौघांत मी रडले.

५. तरी माझे राहते घर, परस आणि विहीर मी सौम्याला पूर्ण मालकीने देते. अट कोणतीही नाही. राहावे, विकावे, मन झाल्यास पुन्हा लग्न करून नवऱ्याला आणून ठेवावे. आणि हेही लेखी कबूल करते की, सौम्या, तुझे घर मी तुला न विचारता देऊन टाकले होते. माझे चुकले.

६. सौम्याचा थोरला भाऊ गिरीश दर दिवाळीला येतो आणि माझ्याच पाटावर बसून म्हणतो की, त्याने भरलेला टॅक्स सरकारी शाळांमधून पाण्यात चालला आहे. त्याला मी चौथीच्या वर्गाचे छायाचित्र देते. त्यात तो दुसऱ्या रांगेत आहे. पुढ्यात सरकारी ताट, ताटात सरकारी अंडे. पुस्तके सरकारी, बसचा पास सरकारी, इंजिनियरिंगची जागाही सरकारी. छायाचित्र त्याने बैठकीत लावावे. पाण्यात गेलेला पैसा केवढा मोठा झाला, ते त्याच्या मुलांना दिसू दे.

७. बँकेतली ठेव हरिणीच्या शिक्षणाला. शाळेला एक पैसाही ठेवत नाही. हे कठोर वाटेल, पण आताच्या मुख्याध्यापिका शिवरंजनी यांना माझे सांगणे आहे की, पदरचे घालू नका. आपण घातले की वरच्यांना वाटते, निभते आहे. अर्ज करा. माझ्या आणि सौम्याच्या सर्व अर्जांच्या शिक्का मारलेल्या नकला त्यांना देते. पहिले पन्नास फार नम्र आहेत, ते सोडून पुढचे वाचावेत.

सही करण्याआधी हे सर्व मोठ्याने वाचले जावे, असे वकिलांनी सांगितले. मी कागद सौम्याच्या हातात दिला. ज्याला घर मिळते त्याने वाचू नये, असे ते कुरकुरले. मी म्हटले, गेल्या वेळचे हिने एकटीने वाचले, या वेळचे माझ्यासमोर वाचू दे. ती हळू, पण न अडखळता वाचत गेली. पाचव्या कलमाशी थांबली.

"आत्या, शेवटचं काढा. मी विसरले ते."

"विसरली नाहीस."

"नाही विसरले. तरी काढा."

मी ते काढलेले नाही.

सही: अंबुजाबाई

आमच्या देखत सही झाली:
१. डॉक्टर गुरुमूर्ति, कुंभकोणम
२. कामाक्षी, शाळेची स्वयंपाकीण, साक्कोट्टै

स्थळ: कुंभकोणम
दिनांक: १८ ऑगस्ट २०२५, सोमवार