पूलवाली मेल्यानंतरचे तेरा दिवस

३ फेब्रुवारी, मंगळवार

पूलवालीला मारलं! दोन वाक्यांत!

तीन वर्षं ती म्हातारी नदीवरच्या पुलाशी बसून आल्यागेल्याला फुकट पार सोडत होती. हरवलेल्या शहराची वाट थोडी थोडी करून सांगत होती. आज गेम उघडला तर खुर्ची रिकामी आणि वर पाटी — 'पूलवाली शत्रूला सामील होती. तिला शासन झालं आहे.' संपलं. खाली लगेच दुकान. पूल ओलांडायचा तर आता शिक्के हवेत, शिक्के निघणार नशीबपेटीतून, आणि पेटी उघडायला खरेखुरे पैसे. म्हातारीची शालसुद्धा विकायला काढलीय मेल्यांनी!

चिमटा म्हणजे आमच्या टोळीतला सगळ्यात तोंडाळ गडी. त्याची तळपायाची आग मस्तकात गेली होती. 'एवढी गोष्ट रंगवली आणि शेवटी तोंडाला पानं पुसली. सोडू या हा गेम. सगळ्यांनी मिळून. एकदम.' बाकीचे लगेच हो हो करायला लागले.

बिनशेपटी आमचा म्होरक्या. तो म्हणाला इतकंच — 'बघू.'

त्या 'बघू'चीच मला धास्ती. गेम जाऊ दे खड्ड्यात. पण बिनशेपटी गेला तर मी त्याला कुठे शोधायचं? तो माझा मुलगा आहे. आणि टोळीतला म्हातारा वैद्य म्हणजे त्याची आई आहे, हे त्याला माहीत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर कवळ्या घासल्या. लॅबमध्ये आज सात जणांचे दात आले. मेण, प्लास्टर, पुन्हा मेण. हात काम करतात, डोकं मोकळं राहतं. आणि मोकळ्या डोक्याचं काय होतं ते मलाच माहीत.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरचा तो दिवस आज पुन्हा डोळ्यांपुढे आला. तो परीक्षेला म्हणून गेला होता — गेलाच नव्हता, बागेत बसला होता, हे मला शेजारच्या बाईंनी सांगितलं. मी भंगारवाल्याला वर बोलावलं आणि कॉम्प्युटर देऊन टाकला. दोरीने बांधून नेला त्याने. मुलगा घरी आला, टेबलाकडे बघितलं. बॅग भरली. दारातून म्हणाला, 'तुला माहीत नाही तू काय दिलंस.' बास. त्यानंतर त्याचा आवाज ऐकलेला नाही. मावशीला महिन्यातून एकदा कळवतो — ठीक आहे. मला तेवढंही नाही.

मग ते घर मला खायला उठलं. लॅबजवळ लहान घर घेतलं. त्याची खोली आवरताना भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं — बिनशेपटी. लॅबमधल्या पॉलिशवालीच्या भाचीने मला गेमचं खातं उघडून दिलं आणि गेल्या जूनमध्ये मी त्याला शोधून काढला. नारिंगी बोका, शेपूट नाही, एक कान फाटका. त्याच्या मागे उभी राहून मी शंभरदा ओरडले होते त्या बोक्यावर! ओळखायला क्षणही लागला नाही.

आठ महिने रोज संध्याकाळी सात ते नऊ. तो लढतो, मी त्याच्या जखमा बांधते. बोलतो सगळे टाइप करूनच. त्याचा माइक बिघडलाय म्हणे. मला बरंच आहे. मला तो 'वैद्यबुवा' म्हणतो. अहो-जाहो करतो! घरी कधी केलं नव्हतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पकडलेच गेले असते.

नवीन नियम — पडलेल्या गड्याला उठवायचं औषधसुद्धा आता पेटीतूनच. वैद्याच्या हातातलं औषध काढून घेतलं, मग वैद्य ठेवला कशाला? टोळीने ठरवलं, कुणीही एक पैसा द्यायचा नाही. मी पण 'हो' लिहिलं.

आणि बिनशेपटी पडला. पुलाच्या अलीकडे, चिखलात, आडवा. चित्रच ते, कळतं मला. पण तो उठेना, आणि कोपऱ्यात आकडे उतरत चाललेले — तीस, एकोणतीस, अठ्ठावीस.  घेतली पेटी. पहिल्या पेटीत टोपी निघाली. दुसरीत टोपी! तिसरीत औषध. उठवला.

'वैद्यबुवा, विकत घेतलंत?'

'जुनं शिल्लक होतं,' मी लिहिलं.

'जुनं सगळं काढून घेतलंय त्यांनी.'

  म्हटलं, कसं कोण जाणे, माझं राहून गेलं.  तो म्हणाला, 'माझ्यासाठी असलं काही करत जाऊ नका.'

त्याला संशय आला असेल का? असा जीव टाकणारा म्हातारा कुठे असतो?

७ फेब्रुवारी, शनिवार

आज आलाच नाही. सातपासून पुलाशी उभी होते.

८ फेब्रुवारी, रविवार

आला! सकाळीच आला. टोळीतलं दुसरं कुणी नव्हतं. आम्ही दोघंच नदीकाठी. पुढे जाता येत नाही, शिक्के नाहीत. नुसते बसलो.

मी विचारलं, 'त्या म्हातारीचं तुला एवढं का लागलं रे?'

तो म्हणाला, 'रोज गेलं की ती एकच वाक्य म्हणायची. आलास? उशीर केलास. सगळ्यांनाच म्हणायची, लिहूनच ठेवलेलं होतं ते. पण कुणीतरी म्हणायचं ना.'

'घरी म्हणणारं कुणी नाही?'

'मला आई नाही, वैद्यबुवा.'

मी स्क्रीन मिटली. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. भांडला असता तरी चाललं असतं. पण जिवंतपणी मला पुसून टाकलं त्याने! आणि किती शांतपणे. रागाची मला भीती वाटत नाही, राग ओसरतो. हे असं गार बोलणं — याने पाचावर धारण बसते.

परत आले तेव्हा तो तिथेच होता. 'कुठे गेलात?' मी म्हटलं, चहा उतू गेला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या बहिणीला फोन केला. म्हटलं, त्याचा नंबर दे ना गं. एकदाच.

'ताई, मी त्याला शब्द दिलाय. नंबर तुला दिला तर तो मलाही तोडेल. मग आपल्या दोघींनाही काहीच कळणार नाही.'

'बरा आहे ना?'

'कामाला लागलाय कुठेतरी. गाड्यांचे सुटे भाग वगैरे. बरा आहे. तू जेवतेस ना वेळेवर?'

जेवते, म्हटलं. खोटं. पावाचे दोन तुकडे म्हणजे जेवण होत असेल तर जेवते.

बहिणीला गेमचं सांगितलेलं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

ठरलं. रविवारी संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांनी आपापली खाती पुसून टाकायची. नुसतं निघून जायचं नाही, पुसायचं! शेकडो टोळ्या म्हणे एकाच वेळी. चिमटा म्हणाला, 'नुसती तक्रार केली तर हसतात ते. माणसंच नाहीशी झाली की कळेल कुणासाठी गोष्ट लिहायची ती.'

बिनशेपटी म्हणाला, 'मी पुसणार.'

मी लिहिलं, थोडं थांबू या का? पूलवालीला परत आणतील कदाचित. लोक ओरडले की आणतात.

चिमटा — 'आणतील हो बुवा! पेटीतून!'

सगळे हसले. मीही हसल्याची खूण टाकली. पुसलं की नाव जातं, बोका जातो, निरोप धाडायची जागाही जाते. पाच वाजून एक मिनिटाने माझा मुलगा या जगात कुठेतरी असेल आणि मला पुन्हा काहीही माहीत नसेल.

चार दिवस.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लॅबमध्ये घोळ. एकीची वरची कवळी दुसरीच्या साच्यावर बसवली आणि घासूनही टाकली. बावीस वर्षांत असं झालं नाही. मालक ओरडले नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघितलं. 'बाई, तब्येत बरी आहे ना?' त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

पॉलिशवालीला तेवढं सगळं माहीत आहे. मशीन बंद करून माझ्याजवळ आली. 'सांगून टाक गं बाई त्याला. मी आई आहे म्हणून. फार फार तर काय करेल?'

'निघून जाईल.'

'अगं, तसाही रविवारी चाललाच आहे की!'

हे खरं. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? भीतीने माणूस मठ्ठ होतो. तिने माझा बिघडलेला साचा उचलून कचऱ्यात टाकला आणि नवीन प्लास्टर कालवायला घेतलं, न सांगता.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहिलं, खोडलं. लिहिलं, खोडलं. तो दोन तास समोर होता आणि मी त्याला विचारलं — खोकला बरा आहे का.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं!

क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या खरं वाटणार नाही. पावणेआठ वाजले होते. त्याला म्हटलं, जरा बाजूला ये, एकट्याशी बोलायचंय. जुन्या घाटावर गेलो. डोळे मिटले आणि टाइप केलं — 'मी वैद्यबुवा नाही. मी तुझी आई आहे. कॉम्प्युटर दिला ती माझी चूक झाली. रोज तुला बघायला येते.' आणि पाठवलं.

काही नाही. बोका नुसता उभा. चार मिनिटं. मला वाटलं गेला, उठून गेला, आता नाव विझेल. टेबलाला धरून बसले.

मग — 'खरंच?'

'खरंच रे.'

 मग त्याने विचारलं, 'लहानपणी मला काय हाक मारायचीस?'

परीक्षा घेत होता! बरोबरच आहे, इथे कुणीही काहीही सांगेल. शहाणा झालाय. मी लिहिलं, बोकोबा. दोन दोन बशा दूध प्यायचास म्हणून.

त्याने ते तसंच परत लिहिलं. 'बोकोबा.' मग पुन्हा एकदा. 'बोकोबा.' मला रडू आवरेना.

'रोज यायचीस? आठ महिने?'

'रोज.'

'माझ्यासाठी?'

'मग काय त्या पेट्यांसाठी?'

हसला. म्हणजे हसल्याची खूण टाकली. मग म्हणाला, 'आता कुठे राहतेस?' घर बदललेलं त्याला कुठून माहीत असणार! पत्ता दिला. तिसरा मजला, दवाखान्याच्या वरचं दार, बेल जरा जोरात दाबावी लागते. त्याने एकेक गोष्ट विचारून घेतली. बस कुठली, उतरायचं कुठे. 'एकटीच असतेस ना?' एकटीच रे, अजून कोण असणार.

'उद्या पाचला हे सगळं पुसतो आणि निघतो. सहापर्यंत येतो. आई.'

आई म्हणाला!

बहिणीला लगेच फोन केला. काही स्पष्ट सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, भेटला गं मला, उद्या घरी येतोय! ती 'अगं पण' 'अगं पण' करत राहिली, मी ठेवून दिला. अंडी आणली, पडदे धुतले, गादी काढून ठेवली. तरी पोटातली भीती जात नाही. सवय झालीय बहुतेक तिला तिथे राहायची. दारात उभा राहिला तर आधी काय बोलायचं? जवळ घेऊ दिलं नाही तर?

१५ फेब्रुवारी, रविवार

पाचला पाच कमी असताना निरोप आला — 'पुसतो आता. मग निघालोच, आई.' बरोबर पाचला नारिंगी बोका गेला. मीही माझा म्हातारा पुसून टाकला. अजिबात वाईट वाटलं नाही.

पाच वीसला फोन वाजला. अनोळखी नंबर. 'आई?' आवाज जाड झालाय, पण त्याचाच, माझ्या पोराचाच. मी म्हटलं, कुठपर्यंत आलास? तो म्हणाला, 'मावशी काय सांगतेय? मी तुला कुठे भेटलो?' मी म्हटलं, गेममध्ये. बिनशेपटी.  तो म्हणाला, 'आई, ते खातं मी गेल्या वर्षी जानेवारीतच विकलं. खोली घ्यायला पैसे हवे होते. कुणी घेतलं मला माहीत नाही. दार उघडू नकोस. मी निघतोय, पण मला चार तास लागतील. ऐकतेस ना? उघडू नकोस!'

बोक्यामागच्या त्या परक्याला येऊ नको म्हणायला आता कुठेच जागा नाही. त्याचं नाव पुसलं गेलं, माझंही. सहाला बारा मिनिटं आहेत. तो आई म्हणत येतोय.