पान चारशे तेरापासून

८ जानेवारी, सणसर

आबा ‘हो’ म्हणाले. म्हणजे अजून पक्कं नाही. इंदापूर रस्त्याला त्यांची रोपवाटिका आहे. मिरची, टोमॅटो, कलिंगडाची रोपं. नोंदी तीन वह्यांत, वह्या तीन माणसांकडे. आज आमची मिरचीची रोपं आणायला यांच्याबरोबर गेले, तर ती आदल्या दिवशीच दुसऱ्याच्या ट्रॉलीत चढलेली. हे भांडत होते. मी मधेच बोलून बसले, की सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर एकाच जागी ठेवता येतात, शेतकऱ्याला घरबसल्या मोबाइलवर दिसेल आपल्या रोपांचे ट्रे कधी तयार होणार. आबा माझ्याकडे बघतच राहिले. “सूनबाई, तुला येतंय व्हय त्ये? मग करून दाव. फेब्रुवारी सरूस्तवर वाट बघतो. जमलं तर कायमचं काम तुझं.”

येतंय म्हणाले. दहा वर्षांत एक ओळ लिहिली नाही. म्हणे येतंय!

१० जानेवारी

माळ्यावरून पुस्तक काढलं. झटकलं, पुसलं. आत्यांनी उलटंपालटं करून बघितलं. सासू असून माझ्याहून चौकस.

“आगं, ह्येला मुंडकंच न्हाय की.”

खरंच नाही. पान ४१३ पासून सुरू होतं. मुंडकं नंदाकडे.

नंदा आणि मी बारामतीला एकाच कॉलेजात, शेवटच्या वर्षाला. डेटाबेस आणि वेब प्रोग्रॅमिंग, दोन्ही एकाच जाड पुस्तकात, ८२४ पानं. प्रत मिळाली एकच. नंदा राहायची बावड्याला, मी भवानीनगरला, मधे तालुकाभर ऊस. मग बाइंडिंगवाल्याकडे नेलं. तो बिचारा म्हणाला होता, “धडा बघून कापू का?” आम्ही दोघी शहाण्या. “नको, मापात कापा, दोघींना सारखं.” त्यानं बरोब्बर मधोमध कापलं आणि एक धडा दुभंगला. डेटाबेस वेबसाइटला जोडायचा, नेमका. त्यातला मोठा प्रोग्रॅम तिच्याकडे सुरू होतो आणि माझ्याकडे संपतो. माझ्या पहिल्या पानावरची पहिली ओळ म्हणजे नुसता बंद कंस. उघडा कंस तिच्याकडे.

मग रोज संध्याकाळी फोन. ती तिच्या ओळी वाचायची, मी माझ्या. “सेमीकोलन म्हणालीस का?” “म्हणाले की, बहिरे.”

किती दिवस झाले कुणी बहिरे म्हटलं नाही. कंसाकडे बघत बसले, भाजी करपली.

१४ जानेवारी

संक्रांत. पोळ्या उरकल्यावर दुपारी दोन तास मिळाले. भावाचा जुना लॅपटॉप आणलाय. माझ्या अर्ध्यातले दहा प्रोग्रॅम चालवून पाहिले, सात चालेनात. आता तसं कुणी लिहीत नाही. मोबाइलवर पान कसं बसवायचं याबद्दल तर एक अक्षर नाही, कारण तेव्हा आमच्याकडे तसले मोबाइलच नव्हते.

माझं अर्धं शिळं झालंय. मीही झालेय की काय, असं मनात आलं आणि रडू आलं. आत्या तिळगूळ घेऊन आल्या, तेव्हा डोळ्यात कचरा गेला म्हणाले.

१८ जानेवारी

बारामती. एकटी गेले. पुस्तकांच्या दुकानात दीड तास.

दुकानदार : “कुठल्या परीक्षेला पाहिजे, मॅडम?” म्हटलं, मिरचीच्या रोपांना. त्यानं वेबची चार पुस्तकं काढून पुढे ठेवली.

पहिलं एकवीस दिवसांत शिकवणारं. एकवीस दिवसांत अंड्यातून पिल्लू निघतं हे खरं, पण तिथं कोंबडी दिवसरात्र बसून असते. मला दुपारचे दोन तास. परत ठेवलं. दुसऱ्यात नुसत्या व्याख्या, पाठ करून ओकायच्या, कोड औषधालाही नाही. तिसरं भलं जाडजूड, पण त्याला वाटतं मला आधीच सगळं येतं. चौथं मधेच उघडलं. उदाहरण अर्धं वाचून उरलेल्यावर हात ठेवला, पुढे काय येईल ते वहीत लिहिलं, मग हात काढला. बहुतेक तेच! छपाई अलीकडची, मोबाइलचा वेगळा धडा, प्रत्येक धड्याला सराव आणि मागे उत्तरं. घेतलं.

पुस्तक निवडायची ही रीत नंदाची. “कव्हर बघू नको. मधनं उघड, आन् पुढचं वळख.”

डेटाबेसचं मात्र एकही मनाला येईना. तिथून वाचनालयात. ग्रंथपाल बाईंनी चष्मा वर करून माझी यादी पाहिली. म्हणाल्या, “वेबचं नवं घेतलंत ते बरं केलंत, ते सारखं बदलतं. डेटाबेसला जुनं पुस्तक चालतं हो. टेबलं तीच, त्यांना प्रश्न विचारायची भाषाही तीच. घरात एखादं असेल तर तेच काढा.”

घरात जे आहे ते वेबचं. टिकलं ते नंदाचं अर्धं.

१९ जानेवारी

लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय.

पुण्याला नोकरीची मुलाखत होती, दोघींना एकाच दिवशी बोलावलं होतं. ठरलं होतं, सकाळी आठला बारामती स्टँड, आपापलं अर्धं आणायचं, गाडीत उजळणी करायची. तिचा डेटाबेस पक्का, माझं वेब. आदल्या संध्याकाळी वडील म्हणाले, उद्या सणसरचे पाहुणे बघायला येणार. मी नाही म्हणाले नाही. ते एक वेळ चाललं असतं. पण मी नंदाला कळवलंही नाही. तिनं मला यायला लावलं असतं, आणि मला भीती होती की मी ऐकेन. फोन बंद करून बांगड्यांच्या डब्यात ठेवला आणि पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले.

ती एकटी गेली, उशिरा पोचली, आणि विचारलं सगळं माझ्या अर्ध्यातलं. घेतलं नाही तिला. हे वर्गातल्या एकीकडून कळलं. वर्षभरानं पुण्यातच दुसरीकडे लागली. माझ्या लग्नाला आली नाही. मी माफी मागितली नाही.

हे चांगले आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही. पण माहेर भवानीनगर, सासर सणसर. मधे एक रस्ता आणि चार वळणं. मी आयुष्यात एवढीच लांब गेले. खिडकीशी ती, शेजारी मी, मांडीवर दोन्ही अर्धी, असं पुण्याला जायचं राहिलं. ते अजून रोज आठवतं. ऊसतोडीच्या गाड्यांमागे एस.टी. अडकलेली दिसली की आत कोण बसलंय ते मी अजून बघते.

२५ जानेवारी

शेतकरी, रोपं, बुकिंग. तीन टेबलं केली, आठवेल तशी. नवं पुस्तक गुणाचं आहे, वेबचं पान मोबाइलवर नीट बसलं. हिरवा रंग आत्यांना आवडला. पण पानाला टेबलातलं काही दिसत नाही. दोन्ही आपापल्या जागी ठीक, जोडले जाईनात. नेटवर दहा जण दहा रीती सांगतात. मला पहिल्यापासून, एकेक ओळ सांगणारं हवंय.

नंदाचा जुना नंबर काढला. ‘कशी आहेस’ लिहिलं. पुसलं. तसा तो नंबर आता लागतही नसेल.

२९ जानेवारी

आत्यांना सगळं सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. “आन् आमी त्या दिशी पोहं खाऊन ग्येलो,” एवढंच म्हणाल्या. टरफलं बाजूला सारली. मग म्हणाल्या, “रथसप्तमीपतुर हळदीकुकू हाय. जा की तिच्या आईकडं. दारातनं हाकलत्यात व्हय कुणी?”

हे म्हणाले, रविवारी मी सोडतो.

२ फेब्रुवारी

बावडा. नंदाच्या आईनं, म्हणजे मावशींनी, बघताक्षणी ओळखलं. हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. बोलल्या कमी. मीच पुस्तकाचं काढलं.

“हाय की, कपाटात हाय. रद्दीवाला आला तवा म्या काढलं हुतं, तर फोनवर लई चिडली. म्हणली, आई, त्ये माझ्या एकटीचं न्हाय.”

प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरून दोरा. “हितं बसून बघ. न्यायचं आसंल तर तिला इचार.”

शेवटचं पान उघडलं, ४१२. तळाला तिच्या अक्षरात माझ्या पानावरच्या चार ओळी, मी फोनवर सांगितलेल्या, बंद कंसासकट. आणि त्याच्या खाली पेन्सिलनं :

८.१५ गेली

९.०० गेली

९.४५

पुढे काही नाही. तिसऱ्या गाडीत चढली असणार. दोन गाड्या माझ्यासाठी सोडल्या. पावणेदहाला मी पोह्यांवर खोबरं घालत होते.

मावशी चहाला आत गेल्या होत्या. त्या धड्याचे फोटो मोबाइलवर काढायला दोन मिनिटं लागली असती. नाही काढले. दोरा होता तसा बांधला. निघताना मावशींनी मी न मागताच नंदाचा नवा नंबर लिहून दिला.

३ फेब्रुवारी

पुसायच्या आत पाठवलं. ‘नंदा, मी जयू. त्या दिवशी मला बघायला पाहुणे आले होते. फोन मी मुद्दाम बंद ठेवला. तू दोन गाड्या सोडल्यास, ते काल पाहिलं. चूक माझी. तुझी फार आठवण येते.’ पुस्तकाचा शब्द काढला नाही.

दोन निळ्या खुणा आल्या. वाचलं तिनं.

७ फेब्रुवारी

उत्तर नाही.

१२ फेब्रुवारी

नाही. आबांचा फोन आला. “सूनबाई, कुठवर आलं?” निम्मं झालंय म्हटलं. खोटं नाही ते. आत्यांनी आज दोनदा विचारलं, “आला का तिचा म्येसेज?” कामाचं विचारत नाहीत, हेच विचारतात.

१९ फेब्रुवारी

आलं!

‘शनिवारी आईकडे जातेय. बारामती स्टँड, सकाळी आठ. तुझं अर्धं आण.’

खाली नाव नाही, हसरं तोंड नाही. वीस वेळा वाचलं. आत्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, “डबा दोघींचा करू.”

२२ फेब्रुवारी, बारामती स्टँड

पावणेआठपासून इथे आहे. हे सोडून गेले. पिशवीत लॅपटॉप, दोघींचा डबा, आणि ४१३ पासूनचं पुस्तक.

आठ वाजून गेले. तिला फोन लावला, बंद. बॅटरी संपली असेल. किंवा डब्यात ठेवला असेल. मुद्दाम असेल तर असू दे, तिचा हक्क आहे. चौकशीच्या खिडकीतला म्हणाला, “पुण्याच्या गाड्या येतच असत्यात ताई, बसा की.”

बसलेय. आठवडा उरलाय आबांना दाखवायला. पण आत्ता, खरं सांगायचं तर, मला तो धडाही नको. ती उतरावी आणि बहिरे म्हणावं.

वेळा मात्र या वहीत लिहीत नाहीये. पुस्तकात लिहितेय, ४१३ वर, कंसाच्या वरच्या मोकळ्या जागेत, पेन्सिलनं. ८.१५ ला आली, तीत नव्हती. ९.०० ला आली, नव्हती.

९.४५ लिहून ठेवलंय. पुण्याची गाडी आत वळतेय. काचांवर ऊन आहे, आतलं कुणी ओळखू येत नाही.