पंखाआधी उमटलेले वलय

मी, शेवटच्या पानावर सही करणारी, व्यवसायाने चित्रे हलवणारी बाई, वय वर्षे शहात्तर, माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांनी कोणी मृत्युपत्र लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी आज मला तपासून तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण म्हणजे काय ते मी पाहिलेले आहे, म्हणून हे वाक्य वकीलबाईंच्या मसुद्यातून नुसते उतरवून घेतलेले नाही, विचार करून लिहिले आहे.

याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घर सरळ मुलीच्या नावे होते. आता त्याला एक अट जोडली आहे. मुलीला ती कळली आहे, आणि काल आल्यापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे.

१. कॅसेटींचे कपाट. पुढच्या खोलीतले पत्र्याचे कपाट आणि त्यातल्या सगळ्या व्हिडिओ कॅसेटी चित्रपट संग्रहालयातल्या, जुन्या फिती संगणकावर उतरवणाऱ्या बाईंना द्याव्यात. लोक पिक्चर बघायला कॅसेट लावत. मी पिक्चर सुरू होईपर्यंत बघते आणि बंद करते. मला हवी असते ती त्याआधीची कंपनीची हलती निशाणी, जिला सगळे लोगो म्हणतात. वरच्या खणात अगदी सुरुवातीच्या आहेत: रंगवलेली पाटी, समोर कॅमेरा, आणि कॅमेरावाल्याचा हात थरथरला तेवढीच हालचाल. त्याखाली काळ्या कागदात अक्षरे कोरून मागून उजेड सोडलेल्या, म्हणजे आमच्या काळातल्या. एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्र टिपायचे, रंगीत पारदर्शक कागद बदलायचे, आणि एक चुकले की सगळे पहिल्यापासून. सगळ्यात खाली संगणकाची पिढी. तेव्हा प्रत्येक कंपनीला आपली अक्षरे घासलेल्या भांड्यांसारखी लखलखीत आणि भिंगरीसारखी फिरती हवी होती. पुढे सीडीच्या तबकड्या आल्या, मग त्याही गेल्या. आता सुरुवात टाळायचे बटण असते म्हणे. संग्रहालयाला माझी अट एकच: फिती उतरवताना सुरुवात कापायची नाही.

२. हत्यारे. खालून दिवा लागणारे माझे काचेचे टेबल, कुंचले, शाई आणि कोरायच्या सुऱ्या चित्रशाळेला द्याव्यात. यजमानांच्या कॅमेऱ्याचा लोखंडी खांब परसात उभा आहे, त्यावर वेल चढला आहे. भंगारवाला दर महिन्याला त्याच्याकडे बघून जातो. त्याला देऊ नये.

३. बगळा. संग्रहालयाच्या बाईंनी विचारले आहे की बगळ्याचे दोन लोगो सापडतात, त्यातला खरा कोणता. याचे उत्तर एका ओळीत देता येईल, पण देणार नाही, कारण पुढची कलमे त्याशिवाय कळणार नाहीत.

बगळा मी एका कॅसेट कंपनीसाठी काढला होता. काळे पाणी, त्यावरून उडणारा पांढरा बगळा. पंखाचे टोक पाण्याला लागते, वलय उमटते, ते पसरते आणि त्यातून कंपनीचे नाव वर येते. चित्रे माझी, कॅमेरा यजमानांचा. आमची जागा छापखान्याच्या माडीवर होती. खाली यंत्रे धडधडली की वर कॅमेरा हलायचा, म्हणून छापखान्याची जेवणाची सुट्टी झाली की आमचे काम सुरू व्हायचे. आमची दोघांची दुपारची जेवणे कायम गार.

त्या दिवसांत चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट होता. कॅसेटवरून कॅसेट उतरवली की चित्र धुरकट होते, आणि ते आधी कळते लोगोत. कंपनीने जाहिरातच केली: बगळा स्वच्छ दिसला तरच कॅसेट अस्सल. माझा बगळा असा एका रात्रीत पहारेकरी झाला.

माझा धाकटा भाऊ दुकानोदुकानी कॅसेटी पोचवायचा. कंपनीच्याही, आणि नंतर कळले, दुसऱ्यांच्याही. तो एक दिवस एका माणसाला घेऊन आमचा जिना चढला. त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. तो कधी शिक्षक नव्हता. आवाज न चढवता लोकांच्या चुका दाखवायचा, म्हणून मास्तर.

"ताई, हे तुझ्या कामाचे चाहते आहेत," भाऊ म्हणाला.

"बगळा सुंदर आहे," मास्तर म्हणाला. "मला तसाच एक हवा. तसाच म्हणजे तोच. नवीन फिल्मवर, स्वच्छ."

"तो कंपनीचा आहे."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. कंपनीच्या तिजोरीपेक्षा तुमचा जिना सोपा आहे."

मी नाही म्हटले. त्याने वाद घातला नाही. दारात चपला घालता घालता यजमानांना म्हणाला, "तुमची मुलगी शाळेतून एकटीच येते ना? रस्ता ओलांडताना एकाच बाजूला बघते. ही सवय वाईट आहे. कधीतरी महागात पडेल."

तो गेल्यावर यजमान म्हणाले, "आपण हे गाव सोडू." मी म्हटले, "जाऊ तिथे चित्रेच काढणार ना? काढली की तो येणार." दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या कायदा-अधिकाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "काढून द्या त्याला. फक्त कोर्टात दाखवता येईल अशी एक खूण ठेवा. तुमचे नाव कुठेही येणार नाही, हा माझा शब्द."

खूण मी अशी ठेवली: खऱ्या बगळ्यात पंख आधी पाण्याला लागतो, मग वलय उमटते. मास्तरच्या बगळ्यात वलय आधी उमटते, पंख नंतर लागतो. फरक पापणी लवण्याइतकाही नाही. डोळ्याला दिसत नाही, फक्त मनाला कुठेतरी खुपते.

फिल्म तयार झाली तेव्हा मास्तर स्वतः बघायला आला. आमच्याकडे दांडा फिरवून फिल्म बघायचे छोटे यंत्र होते. दांडा त्याने आपल्या हातात घेतला. एकदा भरभर फिरवला. मग हळू. मग आणखी हळू. यजमान त्याच्या मागे उभे होते, त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. भाऊ खिडकीपाशी उगाच शीळ घालत होता. तेवढ्यात मुलगी शाळेतून आली आणि दप्तरासकट मास्तरच्या कोपराशी जाऊन उभी राहिली. दुसरीत असेल तेव्हा. माझ्या टेबलाखाली खेळून वाढलेली पोर, तिची नजर माझ्यापेक्षा तयार.

"आई, पाणी आधीच..."

"पाणी आत आहे. पिऊन ये जा," मी म्हटले.

तिने माझ्याकडे पाहिले. मी हसत होते, आणि माझे ते हसू खोटे आहे हे तिच्याइतके कोणाला कळणार? ती आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला. तहान नसताना ती पाणी प्यायली.

मास्तरचा हात दांड्यावर थांबला होता. "काय म्हणाली ती?"

"तहान लागली म्हणाली."

"पाणी आधीच, असे म्हणाली."

"आधी पाणी, मग अभ्यास, हा आमच्या घरचा नियम आहे. घशाला कोरड पडली की स्वतःच म्हणून दाखवते."

त्याने दांडा उलटा फिरवला. बगळा मागे गेला, पुन्हा पुढे आला. खाली छापखाना धडधडत होता, आणि त्या हादऱ्याने यंत्राच्या काचेवरचे चित्र जरा कापत होते. त्या छापखान्याला मी आयुष्यभर शिव्या दिल्या. त्या दुपारच्या मात्र मागे घेते.

"काहीतरी टोचते आहे," मास्तर म्हणाला.

"स्वच्छ आहे म्हणून टोचते आहे. तुमच्या कॅसेटींत बगळा धुक्यातून येतो, त्याची तुम्हाला सवय झाली आहे."

भाऊ खो खो हसला. मास्तरने त्याच्याकडे नुसते पाहिले, तसा तो पुन्हा खिडकीकडे वळला. मग फिल्म डब्यात घातली, झाकण लावले आणि म्हणाला, "शुद्ध काम."

पुढे मास्तरच्या कॅसेटी घरोघर गेल्या, छापे पडले, खटला उभा राहिला, आणि दिलेला शब्द विसरून कंपनीने मला साक्षीला बोलावले. खटल्याच्या आदल्या दिवशी भाऊ माझ्याकडे आला. "ताई, साक्ष देऊ नकोस. मीही देणार नाहीये." मी दिली. कोर्टात टीव्ही आणला, कॅसेट थांबवत थांबवत चालवली, आणि भरल्या कोर्टाने पंखाआधी उमटलेले वलय पाहिले. मास्तर पडद्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. त्याला बाहेर नेताना माझ्यापाशी क्षणभर थांबला. "चूक माझी," म्हणाला. "मुलीचे ऐकायला हवे होते."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याची माणसे आमच्या माडीवर आली. यजमान एकटे होते. आमचे दार ओढून घेतले की कुलूप आपोआप लागायचे. दार फोडलेले नव्हते, किल्लीने उघडलेले होते. किल्ल्या तीन: एक यजमानांच्या खिशात, एक माझ्यापाशी, तिसरी भावाकडे, कारण कॅसेटींची खोकी तो तिथे ठेवायचा. त्यांनी कॅमेरा फोडला आणि खांब यजमानांच्या उजव्या हातावर पाडला. त्या हाताने त्यांना पुन्हा कपही धरता आला नाही. मी भावाला विचारले. तो म्हणाला, "किल्ली हरवली होती माझी." बस, एवढेच. यजमान मला उभ्या जन्मात कधी म्हणाले नाहीत की, तू ते करायला नको होतेस. म्हणाले असते तर मी भांडले तरी असते.

बगळ्याचे म्हणाल, तर कोर्टात नाव गाजले म्हणून कंपनीने तो काढून टाकला आणि फिरती चकचकीत अक्षरे आणली. मूळ फिल्म कचेरी बदलताना फेकून दिली. चोरट्या कॅसेटी अस्सलपेक्षा जास्त खपल्या होत्या, म्हणून आज बहुतेकांच्या आठवणीत खोटाच बगळा आहे. संग्रहालयाच्या बाईंनी लिहून घ्यावे: ज्यात पंख आधी, तो खरा. पण काढले दोन्ही मीच, आणि दुसरा काढणे जास्त अवघड होते.

४. कंपनीच्या कायदा-अधिकाऱ्यास काहीही देऊ नये. त्याने शब्द दिला होता आणि भर कोर्टात माझे नाव पत्त्यासकट वाचून दाखवले. तो माझ्या आधीच वारला आहे, तेव्हा हे कलम वाया गेले. तरी लिहून बरे वाटले.

५. बँकेत जे असेल ते मुलीचे. दागिने नाहीत. शोधू नये.

६. घर. हे घर स्वकष्टार्जित आहे. माझ्या पश्चात ते मुलीचे, या अटीवर की मागची खोली माझ्या धाकट्या भावाला त्याच्या हयातीपर्यंत राहायला असावी आणि तिथून त्याला कोणी काढू नये.

खटल्यानंतर कित्येक वर्षांनी तो एक पिशवी घेऊन दारात उभा राहिला. संसार मोडला होता, तब्येत उतरली होती. मी दाराच्या आत उभी होते आणि दार लावणार होते. यजमानांनी डाव्या हाताने दार धरले. "आत ये, ऊन फार आहे," एवढेच म्हणाले. तो आला तो राहिला. मी त्याला दोन वेळ वाढत आले, पण त्याच्यासमोर बसून कधी जेवले नाही. पुढे यजमान अंथरुणाला खिळले. त्यांना उठवणे, अंघोळ घालणे, कूस बदलणे, ते जाईपर्यंत सगळे त्याने केले. एका सकाळी मी दारातून पाहिले: त्याने चहाचा कप यजमानांच्या ओठाशी धरला होता, आणि यजमान पीत नव्हते, त्याच्याकडे बघत होते. चहा गार होईपर्यंत ते तसेच होते. ती खोली मी त्याला का देते याहून जास्त मला सांगता येणार नाही.

काल मुलगी म्हणाली, "ज्याने बाबांचा हात मोडायला दार उघडून दिले, त्याला तू खोली देतेस?"

"दार उघडले असे तो कधी म्हणाला नाही."

"आणि म्हणणारही नाही. तो या घरात राहणार असेल तर मला हे घर नको."

तिने घर नाकारले तर ते विकून येणारी रक्कम चित्रशाळेला द्यावी, भावाची खोली सांभाळून. हे मी डोळ्यांत पाणी न आणता लिहिले आहे.

सहीपूर्वीची नोंद. दुसरे साक्षीदार म्हणून शेजारचे औषधवाले येणार होते, त्यांना दुकान सोडता आले नाही. वकीलबाई घड्याळाकडे बघू लागल्या, तेव्हा भाऊ मागच्या खोलीतून आला आणि म्हणाला, "मी करतो सही."

वकीलबाई म्हणाल्या, "काका, साक्षीदाराला या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुम्ही सही केलीत तर तुमची खोली जाईल."

"आधी वाचू द्या."

त्याने उभ्यानेच, ओळीखाली बोट धरून, पहिल्यापासून वाचले. किल्लीच्या ओळीपाशी बोट बराच वेळ थांबले. मुलगी खिडकीपाशी पाठ करून उभी होती.

"वाचले," तो म्हणाला. "पेन द्या."

मुलगी न वळता म्हणाली, "मग घर माझे झाले की याला इथे ठेवायचे की नाही ते मी ठरवणार."

"तूच ठरव," तो तिला म्हणाला.

इतक्या वर्षांत या दोघांचे एवढेच बोलणे. मी त्याला अडवले नाही. कलम सहामधली अट त्याच्या सहीने निष्फळ होते हे मला समजले आहे आणि मान्य आहे. घर मुलीचे. त्यापुढचे माझ्या हातात नाही.

हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करून पुरे करते.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२२

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १ : (सही) डॉक्टरीणबाई. यांना तपासले, शुद्धीत आहेत. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २ : (सही) मृत्युपत्र करणारीचा धाकटा भाऊ. माझ्यासमोर सही केली. सर्व मजकूर वाचला, खरा आहे. फक्त किल्ली हरवली नव्हती. दार मी उघडून दिले.