जावई खेळणार की शिकवणार

२० मे, बुधवार
मुग्धा आणि रेमीराव पहाटे आले. लग्नानंतरचा पहिलाच धोंड्याचा महिना, सौ.ने बोलावलंच होतं. जावईबापू फ्रान्सचे, पेशा गोल्फ. दोघांचं सामान एकीकडे आणि काठ्यांची एकटी बॅग एकीकडे. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. मी बॅग उचलली तर सौ. वरून ओरडली, "सासरे आहात की हमाल?"
रेमीरावांना मराठी येतं ते एवढंच: नको, पुरे, छान आहे. पैकी 'पुरे' इथे कोणी ऐकत नाही.
डाव्या मनगटाला काळा पट्टा. विचारलं नाही.

२१ मे, गुरुवार
दुपारी रेमीराव झोपले होते तेव्हा मुग्धा जवळ येऊन बसली. मनगट पुन्हा दुखतंय म्हणे. त्याच मनगटाच्या ऑपरेशननंतर दोघांची ओळख झाली. ही तिथल्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट, ते पेशंट. त्यांची सगळी हकीकत आज नीट कळली. वडील गोल्फच्या मैदानावर गवत कापायचे, हे मागे चेंडू मारत फिरायचे. विशीत त्यावरच पोट भरायचं ठरवलं. एक स्पर्धा जिंकले, वरच्या दर्जाच्या खेळाडूंत गेले, दोन मोसम टिकले, परत खाली. आता छत्तिशीत लहानसहान स्पर्धा.
त्यांच्या गावच्या क्लबने गोल्फ शिकवायची नोकरी देऊ केलीय. महिनाअखेर उत्तर हवंय.
"खेळत राहिला तर मनगट पार कामातून जाईल, बाबा. माझं ऐकत नाही तो. तुम्ही सांगा ना, तुमचा मान ठेवेल."
हो म्हणालो. कायमची नोकरी म्हटलं की माझे कान टवकारतातच. शाळेच्या ऑफिसात जन्म गेला. एक तारखेला पगार, याहून मोठं सुख मला तरी ठाऊक नाही.

२३ मे, शनिवार
वाणासाठी तांब्याचं ताम्हन घ्यायला निजामपुऱ्यात. रेमीराव सोबत. एका कारखान्याच्या दारात उभेच राहिले, लूमवरचा धोटा इकडून तिकडे जाताना बघत. आतला कारागीर मला म्हणाला, "अंकल, ये साब माल देखने आये क्या?"
"जमाई है."
लगेच स्टूल पुढे, चहा. जमाई म्हटल्यावर भिवंडीत कोणी उभं राहू देत नाही.
येताना रिक्षात बोलणार होतो. रिक्षाच्या आवाजात जमलं नाही. खरं तर जमवलं नाही. दुसऱ्याच्या भाकरीबद्दल कसं बोलायचं, तेही मोडक्या इंग्रजीत.

२४ मे, रविवार
वाण दिलं. अनारशांचा पहिला घाणा तुपात हसून विरघळला, सौ. रडकुंडीला. पुढचे जमले. तेहतीस मोजून ताम्हनात, वर दिवा. रेमीराव पाटावर मांडी घालून बसले. पाय आखडले तरी हलले नाहीत.
स्वयंपाकघरात सौ.ला नोकरीचं सांगितलं. "या महिन्यात जावई म्हणजे नारायण. नारायणाला कोणी उपदेश करतं का? काही नका बोलू."
जेवताना मात्र तिनेच घोळ घातला. मोठ्या कौतुकाने सांगितलं, की वर्षभर प्रत्येक स्पर्धेला गणपतीला दूर्वा वाहिल्या, रेमीरावांचे आकडे वाढू देत म्हणून. मुग्धाचा घास हातातच.
"आई, गोल्फमध्ये कमी आकडावाला जिंकतो!"
सौ. पांढरीफटक. मुग्धाने फ्रेंचमध्ये सांगितल्यावर रेमीराव ठसका लागेपर्यंत हसले. आल्यापासून पहिल्यांदाच. सौ.चं मात्र संध्याकाळपर्यंत "काय करून बसले हो मी" चालूच. गणपती तरी काय करणार? मागितलं ते दिलं.

२६ मे, मंगळवार
सकाळी रेमीरावांना सरावाला घेऊन राहनाळला. गोदामासाठी सपाट करून ठेवलेली मोठी जागा आहे, तिथला वॉचमन गोमा ओळखीचा. बॅग मीच धरली, सौ.ला न सांगता.
पहिले तीन-चार चेंडू वाकडेतिकडे. दर वेळी तोंड कसनुसं व्हायचं. आता बोलावं, असं मनात धरलं.
मग एक बसला. आवाजच निराळा. चेंडू निघाला तो खाडीकडच्या झाडांत.
गोमा म्हणाला, "आयला! पावनं, त्यो आता न्हाय गावायचा. पन काय हानलाय!"
मी चेंडूकडे नाही, रेमीरावांकडे बघत होतो. इतका निवांत चेहरा मी आमच्या ऑफिसात कोणाचा पाहिला नाही. आरशातही नाही. सरळ लिहितो, मला हेवा वाटला.
नोकरीचं त्यांनीच काढलं. "बाबा, तुम्ही काय केलं असतं?" इंग्रजीत, हळू, मला कळेलसं.
मुग्धाला दिलेला शब्द जिभेवर होता. तोंडातून निघालं, "खेळा."
त्यांनी मान हलवली. पट्टा सोडून पुन्हा घट्ट बांधला.
घरी मुग्धाने नजरेने विचारलं. मी पेपर उघडून बसलो. 

२९ मे, शुक्रवार
गेले दोघं. सौ.ने बॅगेत उरलेले अनारसे कोंबले. रेमीराव "पुरे, पुरे". मुग्धा दारात म्हणाली, "बोललात ना, बाबा?" बोललो, म्हणालो. खोटं नाही. पण…

३ जून, बुधवार
संध्याकाळी मुग्धाचा फोन. रेमीरावांनी क्लबला नाही कळवलंय. उद्यापासून स्पर्धा.
"तुम्ही त्याला 'खेळा' म्हणालात?"
"हो."
"मी तुम्हाला काय सांगायला सांगितलं होतं?"
राहनाळचं सांगायला लागलो, तो आवाज, तो चेहरा. नीट सांगता आलं नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मनगट सुजलंय. उद्या मीच पट्टी बांधून देणार आहे."
"टिकेल?"
"माहीत नाही."
"रागावलीस माझ्यावर?"
"हो," म्हणाली.
फोन मात्र ठेवला नाही.