तिच्या वाट्याची शाल

प्रिय ताई, तुला नमस्कार.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, जहाज फारसं हलत नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढत नाहीस ना?

तिकिटं दोघांची काढली होती, म्हणून जहाजावर खर्चायला कंपनीने दिलेली रक्कमही दोघांची आहे. तुझी भावजय गेल्याचं कळवूनही तिचा वाटा तसाच राहिलाय. तो इथेच संपवायचा. उतरलो की बुडाला.

शेजारच्या खोलीतले काका म्हणाले, "अहो, ते पैसे कॅसिनोत वळवा, रोख हातात येईल." तिथली मुलगी म्हणाली, "त्यावर अधिभार कापला जाईल, सर." मी परत फिरलो. तुला ठाऊक आहे, पत्त्यांत हरायला तिची कधीच ना नव्हती. पण डाव मांडायच्या आधीच कापून घेतलेलं तिला खपलं नसतं.

शेवटी जांभळी शाल घेतली. तुझ्यासाठी आणायची असं तिने ठरवलंच होतं. दुकानातली बाई म्हणाली, "मॅडमना रंग आवडेल ना? नाहीतर उद्या त्यांनाच घेऊन या."

मी म्हटलं, "तिचा आवडताच आहे."

शाल कपाटात जपून ठेवू नकोस, ताई. अंगावर घे.

तुझा,
धाकटा