मायची पांढरी गोळी

१९ नोव्हें. २००६, रवि.
मायचं तोंड सुजलंय. शेजारीण म्हणे, "शांताबाई, तब्येत सुधरली वो!" कसली सुधरली? तांब्यावर तांबे पाणी पिते, तरी घसा कोरडा. दमा मात्र गायब. जिनिंगमध्ये वीस वर्षं कापसाची धूळ छातीत. दोन वर्षांपासून गावातल्या औषधवाल्याच्या पुडीतली गोळी रोज सकाळी.

२२ नोव्हें.
शाळेत रजा टाकली. मायला कळंबच्या दवाखान्यात नेलं. उपाशीपोटी साखर ठीक. निघालोच होतो. सिस्टरनं मायच्या गालाला हात लावला. "कोणती गोळी खाता, मावशी?" पुडीवर नाव नाही. "जेवून दुपारी परत या."
दुपारी तीनशेच्या वर!
गोळी स्टेरॉइडची असावी म्हणे. श्वास मोकळा करते, पण साखर चढवते, अन् ते दुपारनंतरच जास्त दिसतं. डॉ. म्हणाले, एकदम बंद करायची नाही, जिवावर बेतेल. हळूहळू कमी करू. पण आधी नाव अन् ताकद कळू द्या.

२३ नोव्हें.
शाळेतून आले तर घराला कडी. माय औषधवाल्याकडे गेलती! कापसाला भाव नाही, कापसाच्या गाड्या कमी, जिनिंग दुपारीच बंद. सोबतच्या सहा बायका घेऊन त्याच्या ओट्यावर बसली.
तो : "नाव सांगून तुले काय समजते?"
माय : "मले नाही समजत. डॉक्टरले समजते. लिव्हून दे, तवाच उठतो."
चिठ्ठी घेऊनच आली. मी शिकलेली, मास्तरीण, पण दोन वर्षं त्याला एकदाही विचारलं नाही...

४ डिसें.
चिठ्ठीत स्टेरॉइडच निघालं. गोळी थोडी कमी. दम्याला पंप, जिनिंगात जाणं सध्या बंद. साखरेला सध्या इन्शुलिन. मायला आकडे येत नाहीत. सिस्टरनं सिरिंजवरच्या रेघा मोजायला शिकवल्या. मी म्हटलं, मी टोचते. "तू शाळेत गेली का मंग कोण टोचन?" स्वतःच टोचून घेतलं. डोळे मी मिटले.

२१ डिसें.
वाईट दिवस. दुपारी धाप, पंपानं थांबेना. ऑटोनं कळंब. गोळी परत वाढवावी लागली, साखरही चढली. मला रडू आलं. माय म्हणे, "कायले रडतं? पुन्हा कमी करू."

१३ जाने. २००७
त्या सहांपैकी तिघी तीच गोळी खात होत्या. माय तिघींना दवाखान्यात घेऊन गेली. एकीची साखर वाढलेली. आता तिला रेघा मोजायला मायच शिकवते.

२८ जाने.
गोळी निम्म्यावर. दुपारची साखर उतरतेय. डॉक्टरांना विचारलं, गोळी सुटली की साखर जाईल? "जाऊ शकते. राहूही शकते. तपासत राहावं लागेल."
एस.टी.त माय म्हणाली, "उद्यापासून जिनिंगात जातो."
"अन् धूळ?"
"तोंडाले फडकं बांधतो. बाकीच्या बायका काय करून राह्यल्या?"
सकाळी ती निघायच्या आत या धुळीचं काहीतरी ठरवायला हवं.